निगेटिव्ह रिपोर्ट आला, पण माकड खरंच विषाणूमुक्त आहे का?

नमस्कार! संशोधनासाठी मॅकाक माकडांची पैदास होते, त्या कॉलनीत चार विषाणू हमखास तपासतात: बी व्हायरस (नागिणीच्या विषाणूंच्या कुळातला), एसआयव्ही (माणसातल्या एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद), एसटीएलव्ही (टी-पेशींना लागण करणारा) आणि एसआरव्ही (माकडांतला एक रेट्रोव्हायरस). पण चौघांना एकच चाचणी पुरत नाही.

आधी बी व्हायरस. माकडाला त्याचा त्रास जवळजवळ नसतो, फार तर तोंडात फोड येतात. माणसात मात्र तो मेंदूपर्यंत जातो. १९९७ साली अमेरिकेत एका संशोधन केंद्रातल्या कर्मचारी तरुणीच्या डोळ्यात माकडाची घाण उडाली आणि त्यातून तिचा जीव गेला. हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून असतो, अधूनमधूनच बाहेर पडतो. त्यामुळे तोंडाच्या स्वॅबचा पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आला तरी त्याला फारसा अर्थ नाही. इथे भरवसा अँटिबॉडीवर (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांवर), म्हणजे त्या शोधणाऱ्या एलायझा चाचणीवर.

एसआरव्हीचं नेमकं उलटं! काही माकडांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, पण अँटिबॉडी तयारच होत नाहीत. फक्त एलायझा केली तर असं माकड बिनबोभाट कळपात राहतं आणि इतरांना लागण देत राहतं. इथे पीसीआर टाळायचा नाही, म्हणजे नाहीच.

त्यासाठी रक्त दोन नळ्यांत घ्या. साधी नळी एलायझाच्या सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव): अर्धा तास उभी ठेवा, रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूज करा. पीसीआरला ईडीटीएची (हे रसायन रक्त गोठू देत नाही), जांभळ्या टोपणाची. हिरव्या टोपणाची नको, त्यातलं हेपरिन पीसीआरचं एन्झाइमच अडवतं. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो, तोही खोटा. नळीवर गोंदण क्रमांक माकडासमोरच लिहा. नंतर टेबलावर बसून लिहिताना अदलाबदल होतेच.

आता पॉझिटिव्ह आला तर? हिशेब करा. ५०० निरोगी माकडं आणि ९९ टक्के विशिष्टतेची (१०० निरोगींपैकी ९९ ना बरोबर निगेटिव्ह ठरवणारी) चाचणी, म्हणजे सुमारे ५ खोटे पॉझिटिव्ह. म्हणून माकड वेगळं ठेवा, वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीचीच, पण जास्त काटेकोर चाचणी) किंवा पीसीआरने खात्री करा, आणि तोवर त्याच्या पिंजऱ्यातले सोबतीही दुसऱ्या गटात हलवू नका. पिल्लू असेल तर आणखी सबुरीने घ्या: अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात. त्या ओसरल्यावर पुन्हा तपासा.

नव्याने लागण झालेल्या माकडात अँटिबॉडी दिसायला काही आठवडे जातात, एसटीएलव्हीत तर कधी महिने. त्यामुळे नवीन माकड आणलं की क्वारंटाइनमध्ये ठेवूनच अंतराअंतराने चाचण्या करा. त्या सगळ्या निगेटिव्ह आल्या, तरच त्याला कळपात सोडा.