पोराच्या हातात चावी आहे, पण गाडी कुणाच्या नावावर आहे?

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना नीट? मागे शेजाऱ्यांचं पानं उडवायचं मशीन चालू आहे, त्याला माझा इलाज नाही. अमेरिकेतल्या ओहायोचं, ऑक्टोबरमधलं कोलंबस आहे हे, इथे पानं आणि फुटबॉल यांच्यापासून सुटका नाही.

मागच्या महिन्यात मी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमबाहेरचा व्हिडिओ टाकला होता. मॅचच्या दिवशी लोक पार्किंगमध्ये काय काय भाजतात, शिजवतात, त्याचा. दोन तास उन्हात उभी होते मी. आणि खाली कमेंट काय? "ताई, चौथ्या मिनिटाला मागून जी काळी गाडी गेली ती बेंटली होती का?" "ताई, कॉलेजचं पोरगं चालवत होतं, जर्सी बघा त्याची." "एवढीशी पोरं, एवढ्या गाड्या, पैसा येतो कुठून?" एकानं तर थेट निकालच दिला, "नक्की दोन नंबरचा धंदा." सॉसेजबद्दल एक कमेंट नाही. एकसुद्धा!

तर घ्या, आज गाड्या.

आधी साधं साधं पटकन उरकते. अमेरिकेत कॉलेजचा खेळ, त्यातून त्यांचा तो हातानं खेळायचा फुटबॉल आणि बास्केटबॉल, हा प्रचंड पैशाचा कारभार आहे. नियम करते एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना. जुना नियम असा की खेळाडू हौशी आहे. स्कॉलरशिप घ्या, राहणं-जेवण घ्या, त्यापलीकडे कुणाकडून काही घ्यायचं नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं याविरुद्ध कायदा केला. जून २०२१ मध्ये खेळाडूंनीच भरलेल्या ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन एनसीएएचे कान उपटले. निकाल शिक्षणाशी जोडलेल्या लाभांपुरताच होता, पण फुग्यातली हवा गेली ती गेली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा, ओळख जाहिरातीसाठी विकायची मुभा मिळाली. नेम, इमेज, लाइकनेस, म्हणून एनआयएल. पुढे खेळाडूंच्याच आणखी एका खटल्याची, हाऊस खटल्याची, तडजोड मंजूर झाली आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजही थेट पैसे देऊ लागलं. पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. सगळ्या खेळाडूंमध्ये मिळून बरं का, एकट्याला नाही. झालं बेसिक.

आता माझं डोकं जिथे फिरतं तिथे येऊ. कमेंटमध्ये प्रत्येक जण लिहितो, "त्यानं गाडी घेतली." अरे, घेतली नाही हो! आपल्या मराठीत हा एक गोंधळच आहे. रोख पैसे मोजले तरी "गाडी घेतली", सात वर्षांचं कर्ज काढलं तरी "गाडी घेतली", आणि भाड्यानं वापरायला आणली तरी शेजारी पेढे मागायला हजर. पण जमिनीच्या बाबतीत आपण असे फसत नाही. कोणी म्हणालं, "त्याची दहा एकर आहे," की आपल्या आजीचा पहिला प्रश्न काय असतो? "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" बस. हाच प्रश्न मला गाडीला विचारायचाय.

२०२२ मध्ये आमच्या इथला क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघात बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, सी. जे. स्ट्राउड बेंटलीत दिसायला लागला. त्याच वर्षी टेक्सास युनिव्हर्सिटीच्या बिजान रॉबिन्सनचा ऑस्टिनमधल्या लॅम्बोर्गिनीच्या डीलरशी करार झाला. दोन्हीकडे गणित एकच. डीलर म्हणतो, तू आमची गाडी चालव, फोटो टाक, आमचं नाव घे. म्हणजे गाडी हा पगार नाही, जाहिरातीचा बोर्ड आहे. फरक इतकाच की हा बोर्ड चौकात उभा न राहता प्रॅक्टिसला जातो. गंमत बघा, विकलं जातं ते पोराचं नाव, आणि गाडी मात्र त्याच्या नावावर नाही.

नावावरून आठवलं. हा रॉबिन्सन, बिजान, यानं स्वतःच्या नावाची मोहरी काढली होती! ती डिजॉन मोहरी असते ना सँडविचमध्ये लावायची, तिच्यावरून "बिजान मस्टर्डसन". आणि नेब्रास्काच्या एका खेळाडूचं खरंखुरं नाव डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड. डिकोल्डेस्ट, म्हणजे सगळ्यात थंड! त्याला ओमाहाच्या एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीनं जाहिरातीत घेतलं. बारशाला आत्यानं पुढचा विचार करून नाव ठेवलं तर असं होतं.

बरं, विषय सुटला. नावावर कुणाच्या, इथे होतो आपण.

दुसरं उदाहरण मोठं आहे. युटा युनिव्हर्सिटी, ऑक्टोबर २०२३. तिथे क्रिम्सन कलेक्टिव्ह म्हणून गट होता. कलेक्टिव्ह म्हणजे माजी विद्यार्थी आणि संघाचे पैसेवाले भक्त एकत्र येऊन फंड काढतात तो, आपल्या गणेश मंडळाच्या वर्गणीसारखा, फक्त पावती जाड. त्यांनी फुटबॉलच्या सगळ्या ८५ स्कॉलरशिपवाल्या पोरांना रॅम १५०० ट्रक दिले. हेडलाइन जगभर फिरली: "८५ खेळाडूंना ट्रक." मलाही चार जणांनी फॉरवर्ड केली, त्यात माझे सासरे. पण बातमीत खाली एक शब्द होता आणि तो कोणी वाचला नाही: लीज. ट्रक वापरायला दिले होते, पोरगं संघात आहे तोवर. त्याच डिसेंबरमध्ये तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल आणि जिम्नॅस्टिक्स संघांनाही गाड्या मिळाल्या, त्याची हेडलाइन कुणी मला फॉरवर्ड केली नाही, ते असो. त्याही लीजवरच.

लीज काय चीज असते ते मला विचारा. आम्ही नवीन लग्न होऊन इथे आलो तेव्हा ऐटीत एक गाडी लीजवर आणली. महिन्याचा हप्ता बघितला, सही ठोकली. बहीण शिकागोला, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी शिकागो. तीन वर्षांनी गाडी परत करायला गेलो तर तो माणूस हसत हसत म्हणाला, तुमचे करारातल्या मर्यादेपेक्षा ४,६०० मैल जास्त झालेत. मैलाला २५ सेंट. झाले ११५० डॉलर! वर मागच्या सीटवर आमटीचा डाग, त्याचे वेगळे. हळद निघत नाही हो, मी काय काय लावून बघितलं. गाडीही गेली आणि पैसेही. तेव्हापासून कोणी "लीज" म्हटलं की मला आमटीचा वास येतो.

आता तिसऱ्या बाजूनं तेच. हे नीट ऐका, कारण खेळाडू पोरं, त्यांचे आईवडील, सगळे इथेच गडबडतात. गाडी फुकट मिळाली, पण टॅक्स फुकट नसतो. सरकार म्हणतं, तुला रोख पैसे मिळाले काय आणि वस्तू मिळाली काय, कामाच्या बदल्यात मिळाली ना? मग तिच्या बाजारभावाइतकं तुझं उत्पन्न झालं. आणि हे उत्पन्न नोकरीचं नाही, स्वतःच्या धंद्याचं. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के. समजा, गाडी वापरायची किंमत महिन्याला हजार डॉलर धरली. वर्षाचे झाले १२,००० डॉलर. बाकी काही कमाई नाही, इन्कम टॅक्स शून्य आला, तरी हा दुसरा टॅक्स साधारण १,७०० डॉलर बसतो. तो कशानं भरणार? आरसा काढून देणार? सरकार रोख मागतं. एकोणीस वर्षांचं पोरगं, हातात लाखभर डॉलरची गाडी, आणि एप्रिलमध्ये बापाला फोन, "डॅड, सतराशे डॉलर पाठव." शिवाय घरच्या परिस्थितीवरून शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत असेल तर या कमाईनं तीही कमी होऊ शकते. कोणी याचा व्हिडिओ करतं का? नाही. व्हिडिओ चावी देतानाचा.

इथे "दोन नंबरचा धंदा" लिहिणाऱ्या दादांशी थोडं बोलायचंय. दादा, राग नाही, पण ही शंका काही तुमच्यापासून सुरू झालेली नाही. माझा धाकटा भाऊ सांगलीहून आला होता, कॅम्पसजवळ एक उंच पोरगा मर्सिडीजमधून उतरला, तर हा मला कोपरानं ढोसून म्हणतो, "दरोडा टाकत्यात काय गं ही?" आणि लक्षात घ्या, ही शंका बहुतेक वेळा काळ्या पोरांवरच घेतली जाते. गोऱ्या पोराच्या हातात तीच चावी दिसली की "वडिलांची असेल" म्हणून विषय संपतो.

शंकेला इतिहास आहे हेही खरं. १९७९ साली टेक्सासमध्ये एरिक डिकर्सन शाळेत होता, सगळी कॉलेजं त्याच्या मागे, आणि अचानक त्याच्याकडे सोनेरी पाँटियाक ट्रान्स ॲम आली. घरच्यांनी सांगितलं, आजीनं घेतली. तेव्हा तो टेक्सास ए अँड एमला जाणार असं वाटत होतं, म्हणून लोक चेष्टेनं तिला "ट्रान्स ए अँड एम" म्हणायचे. गेला मात्र तो सदर्न मेथडिस्टला! गाडीसकट. बघा, तेव्हाही प्रश्न नावाचाच होता, आणि नाव आजीचं. पुढे त्याच सदर्न मेथडिस्टवर खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याबद्दल एनसीएएनं अशी कुऱ्हाड घातली की १९८७ चा आख्खा सीझन रद्द.

आणि आमचं कोलंबस! २०११ मध्ये इथे खेळाडूंनी आपल्या जर्सी, अंगठ्या देऊन टॅटू काढून घेतले म्हणून केवढा गदारोळ. कोच जिम ट्रेसेलना राजीनामा द्यावा लागला. त्यात पोरांच्या गाड्यांचीही चौकशी निघाली. राज्याच्या वाहन खात्यानं विक्रीचे कागद तपासले, आणि त्यात पोरांना खास सवलत दिल्याचं काही सापडलं नाही. ते मात्र आज कुणाला आठवत नाही. टॅटू आठवतात, गाड्या आठवतात, "काही सापडलं नाही" हे वाक्य विसरलं.

त्याच काळातला एनसीएएचा एक नियम सांगते, माझा अतिशय लाडका. जेवणाव्यतिरिक्त खेळाडूला बेगल द्यायला परवानगी होती. पण बेगलला क्रीम चीज लावलं की नियमभंग! म्हणजे पाव चालेल, लोणी लावलंस तर भ्रष्टाचार. २०१४ मध्ये कनेटिकट युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलपटू शबाज नेपियर राष्ट्रीय विजेतेपदाच्या त्या दिवसांत सांगत होता की काही रात्री उपाशी झोपावं लागतं. त्यानंतर काही दिवसांत एनसीएएनं पोटभर जेवणाला मंजुरी दिली. कोट्यवधी लोक टीव्हीवर त्याची मॅच बघतात आणि पोरगा उपाशी. म्हणून आज कोणी बेंटलीत बसला तर माझा जीव काही फार जळत नाही.

हां, काहींच्या बाबतीत "वडिलांची असेल" हे खरंही असतं. कोलोरॅडोचा शेडूर सँडर्स रोल्स-रॉइसमधून फिरायचा, तर त्याचे वडील डिऑन सँडर्स आहेत, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये गाजलेले, हॉल ऑफ फेममधले. शिवाय त्याचे स्वतःचे करार मोठमोठे. तिथे कोडं काहीच नाही.

पण सगळे शेडूर नसतात हो. एनसीएएत पाच लाखांहून जास्त खेळाडू आहेत. माझ्या मुलीला पोहायला शिकवणारी कॉलेजची जलतरणपटू आहे, पहाटे पाचला पाण्यात असते. तिचा आजवरचा सगळ्यात मोठा एनआयएल करार? प्रोटीन बारचे दोन खोके. गाडी जुनी सिव्हिक, मागचा बंपर चिकटपट्टीनं लावलेला. ती मात्र तिच्या नावावर आहे!

आता डॅलसहून एका विद्यार्थ्याची कमेंट: "ताई, मी एफ-१ व्हिसावर आहे, युनिव्हर्सिटीकडून टेनिस खेळतो, मला असं गाडीचं डील घेता येईल का?" बाळा, थांब. सही करू नकोस. एफ-१ वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि डीलरसाठी फोटो काढणं, पोस्ट टाकणं हे काम धरलं जाऊ शकतं. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा झॅक एडी कॅनडाचा, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा कॉलेज बास्केटबॉलमधला देशातला सर्वोत्तम खेळाडू, सात फूट चार इंच उंची, आणि व्हिसामुळे त्याचे हात बांधलेले. त्याची ती गत, तर तू आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जा, मग इमिग्रेशन वकिलाकडे. यूट्यूबवरच्या ताईचं ऐकून व्हिसा घालवू नकोस. आणि हो, आता ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा प्रत्येक करार डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, खेळाडूला "एनआयएल गो" नावाच्या व्यवस्थेकडे कळवावा लागतो. "कुणाला कळणार नाही" हे डोक्यातून काढा.

शेवटची कमेंट घेते, मशीन पण थांबलंय. "ताई, दुसऱ्यांच्या गाड्यांची एवढी चौकशी, तुमच्या दारातली ती ओडिसी कुणाच्या नावावर आहे?"

(चावी कॅमेऱ्यासमोर धरते.)

नाव माझं आहे. त्याच्याखाली बँकेचं आहे. अजून एकोणीस हप्ते.