नीलम घेताना ‘ओरिजिनल आहे का?’ विचारून भागत नाही

(समोर टेबलावर पांढरा कागद, त्यावर तीन निळे खडे)

नमस्कार मंडळी. रंगीत खड्यांवरचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून कॉमेंट्समध्ये नीलमच नीलम चाललाय. ‘ताई, माझा नीलम ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न तर रोज येतो, सोबत अंगठीचा फोटो. आधी एक सांगते, फोटोवरून नीलम पारखता येत नाही. मलाच नाही असं नव्हे, कुणालाच येत नाही. मोबाइलचा कॅमेरा निळा रंग हवा तसा फिरवतो. म्हणून कुणाला फोटोवरून उत्तर देत नाही, राग मानू नका.

पाया पटकन उरकते. नीलम म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. त्यात लोह आणि टायटॅनियम मिळून निळा रंग येतो. क्रोमियमने लाल झाला की त्यालाच माणिक म्हणायचं. पिवळा झाला की बाजारात पुष्कराज. कठीणपणा दहापैकी 9. झालं, पुढे.

आता रंग. इथे थोडं थांबू या, कारण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की जितका गडद तितका भारी. तसं नाही. हे तीन खडे बघा. डावीकडचा फिका, मधला भरपूर निळा, उजवीकडचा इतका गडद की शाईचा थेंब वाटतोय. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली उजवीकडचाच सगळ्यात उठून दिसतो. तोच संध्याकाळी घरात बोटावर काळा दिसतो. किंमत मधल्याला. निळा भरलेला हवा, पण आतून उजेड परत यायला हवा. राखाडी झाक आली की भाव उतरतो, हिरवट झाक आली की आणखी उतरतो.

त्यामुळे दुकानात खडा आवडला की तो घेऊन दारापाशी या. ऊन नको, सावलीतला दिवसाचा उजेड. मग एखाद्या साध्या पिवळ्या बल्बखाली बघा. काही नीलम पिवळ्या उजेडात जांभळट होतात. तो दोष नाही, पण तुम्हाला चालणार आहे का हे पैसे देण्याआधी कळायला हवं. दाराशी नेऊ देत नसतील तर दुसरं दुकान बघा. झवेरी बाजारात काय किंवा लक्ष्मी रोडला काय, दुकानं भरपूर आहेत.

(मधला खडा चिमट्यात धरून, कागदावर उलटा ठेवत)

हे जवळून दाखवते. वरून बघितलं तर सगळा खडा निळा. आता असा पालथा ठेवला, सपाट बाजू खाली आणि टोक वर. दिसतंय? निळा रंग फक्त टोकापाशी एका पट्ट्यात आहे, बाकीचं अंग जवळपास पांढरं. कारागिराने तो पट्टा बरोबर तळाशी ठेवलाय, म्हणजे पैलूंवरून परतणारा उजेड रंग घेऊन येतो आणि वरून खडा भरल्यासारखा दिसतो. ही फसवणूक नाही, उलट कसब आहे. पण असा खडा आणि अंगभर रंग असलेला खडा एका भावाचे नाहीत. शिवाय छापील कागदावर खडा सरळ ठेवून वरून बघा. मध्यातून अक्षरं वाचता आली तर पैलू उथळ पडलेत, मधला उजेड खाली निसटतोय. आणि खड्याचं पोट फार मोठं असेल तर त्या पोटाचे पैसेही तुम्हीच देताय, कारण मोजणी वजनावर होते.

वजनाचंही एक सांगून टाकते, ‘पाच रत्तीचा नीलम’ विचारणारे खूप आहेत. सोनाराच्या जुन्या हिशोबात तोळ्याला 96 गुंजा, आणि गुंज म्हणजेच रत्ती, ती साधारण 121 मिलिग्रॅमची. खड्यांच्या दुकानात चालते ती रत्ती साधारण 182 मिलिग्रॅमची. पहिल्या हिशोबाने पाच रत्ती म्हणजे 3 कॅरेट, दुसऱ्याने साडेचार. कॅरेट जगभर 200 मिलिग्रॅम. कॅरेटमध्ये बोला, कॅरेटमध्येच बिल घ्या.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय तिथे येते. ‘ओरिजिनल आहे का?’ या प्रश्नाला दुकानदार ‘हो, ओरिजिनल, नॅचरल, सर्टिफिकेट देतो’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. आणि तरीही तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलं नसतं. खडा जमिनीतून निघाला हे खरं असतं. जमिनीतून निघाल्यावर त्याचं काय काय केलं, हे तुम्ही विचारलेलंच नसतं.

1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतला दुधट, जवळजवळ टाकाऊ समजला जाणारा कोरंडम घ्यायला सुरुवात केली. श्रीलंकेत त्याला गेउडा म्हणतात. दुधटपणा येतो रुटाइलच्या बारीक सुयांमुळे, त्यांना आपल्याकडे सिल्क म्हणतात. रुटाइल म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड. खडा भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवला की सुया विरघळतात, टायटॅनियम स्फटिकात शिरतं, लोहाशी जोडी जमते आणि पांढरट दगड निळा होऊन बाहेर येतो. हा रंग कायमचा असतो, उतरत नाही. आज बाजारातले बहुतेक नीलम असे गरम केलेले आहेत, आणि सांगून विकले तर त्यात काहीही वावगं नाही. फक्त गरम आणि बिनगरम यांच्या किमतीत खूप फरक पडतो. चांगल्या रंगाच्या मोठ्या खड्यात कित्येक पटींचा.

म्हणूनच भिंगाखाली न विरघळलेलं सिल्क दिसलं की पारखणाऱ्याला बरं वाटतं. लोक म्हणतात आत काही नको, एकदम स्वच्छ हवा. नीलमात आत काहीच नसणं हे उलट मला थांबायला लावतं. 1902 साली वेर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक तयार करण्याची पद्धत जाहीर केली, पुढच्या दहाएक वर्षांत निळा नीलमही तसाच होऊ लागला. तो आतून काचेसारखा स्वच्छ असतो आणि त्यातल्या रंगाच्या रेषा वळणदार असतात. निसर्गातल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोनात मोडलेले.

सिल्कवरून आठवलं. त्या सुया ठरावीक दिशांनी दाट बसल्या आणि खडा घुमटाकार घासला की वर सहा किरणांचा तारा उमटतो. ‘स्टार ऑफ इंडिया इंग्रजांनी आपल्याकडून नेला’ असं एकाने लिहिलंय. 563.35 कॅरेटचा तो ताऱ्याचा नीलम न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे, पण तो श्रीलंकेतला. नावात इंडिया असलं तरी.

तर पुन्हा मुद्द्यावर. लॅबचा रिपोर्ट हातात आला की लोक वरची ओळ वाचतात, ‘नॅचरल सफायर’, आणि कागद घडी घालून ठेवतात. ती ओळ म्हणजे खड्याचा जन्मदाखला. तुम्हाला त्याची आजारपणाची फाइल बघायचीय. ती खाली असते, ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कॉमेंट्स’ या शब्दापुढे. तिथे ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ असेल तर बिनगरम. ‘इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ असेल तर गरम. ‘डिफ्यूजन’ किंवा ‘फिलिंग’ हे शब्द दिसले तर तिथेच थांबा. आणि तो रकानाच नसेल, तर त्या कागदाने तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही.

डिफ्यूजन म्हणजे काय? निळ्या रंगासाठी टायटॅनियम बाहेरून घुसवतात, रंग पृष्ठभागापाशी पातळ थरात बसतो. खडा पाण्याच्या पांढऱ्या वाटीत टाकून बघा, पैलूंच्या कडा पेन्सिलने गिरवल्यासारख्या गडद दिसू शकतात. पुन्हा पॉलिश केला तर तो थर निघून जातो. बेरिलियम या धातूच्या डिफ्यूजनचं प्रकरण याहून अवघड. 2001-02 च्या सुमारास ते बाजारात आलं. बेरिलियम खोलवर शिरतं आणि फिक्या दगडाला पिवळा, केशरी रंग देतं. भिंगाने खात्रीने पकडता येत नाही, मोठ्या लॅबचं यंत्रच लागतं. गुरूसाठी पुष्कराज घेणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

आणि फिलिंग. भेगाळलेल्या दगडात कोबाल्टने निळी केलेली शिसेयुक्त काच भरतात. हाही खडा जमिनीतलाच, म्हणून त्यालाही कुणीतरी ‘नॅचरल’ म्हणतंच.

एका ओळखीच्या कारागिराकडे घडलेलं सांगते. एक गृहस्थ अंगठी सैल करायला घेऊन आले. खडा न काढताच झाळ दिली, मग ॲसिडमध्ये बुडवली. बाहेर आली तेव्हा खड्यावर पांढरट भेगांचं जाळं, निळा रंग जागोजागी गेलेला. गृहस्थ म्हणाले, माझा खरा नीलम बदलला. भांडण, आरडाओरडा, शेजारचे दुकानदार गोळा. त्या कारागिराची त्या गल्लीत दोन पिढ्यांची पत. शेवटी लॅबमध्ये पाठवल्यावर कळलं की खडा काच भरलेला होता, उष्णतेने आणि ॲसिडने काच खराब झाली. गृहस्थांकडे खरेदीच्या वेळचं लॅमिनेशन केलेलं कार्ड होतं. वर ठळक अक्षरांत ‘नॅचरल ब्लू सफायर’. ट्रीटमेंटचा रकाना नव्हताच. मला या गोष्टीचा आजही संताप येतो, कारण चोर ठरला तो बिचारा कारागीर. म्हणून परत परत सांगते, वरची ओळ नाही, खालची वाचा.

‘पण अंगठीला हॉलमार्क आहे’ असंही येतं. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो. खड्याबद्दल तो काही सांगत नाही.

आता मूळ ठिकाण. काश्मीरच्या पाडर भागात, सुमजाम गावाच्या वर साडेचार हजार मीटरच्या आसपास, 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि नीलम उघडे पडले. 1887 पर्यंत मुख्य साठा जवळपास संपलाही. अतिसूक्ष्म कणांमुळे त्यात मखमलीसारखा मऊ निळा रंग येतो, तो दुसरीकडे क्वचितच दिसतो. 2015 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 27.68 कॅरेटचा काश्मिरी नीलम सुमारे 67 लाख डॉलरना गेला, म्हणजे कॅरेटला सुमारे 2 लाख 40 हजार डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हात श्रीलंकेचा 392.52 कॅरेटचा ‘ब्लू बेल ऑफ एशिया’ 1 कोटी 73 लाख डॉलरना विकला गेला. कॅरेटला साधारण 44 हजार. चौदापट वजन, आणि दर पाचव्या हिश्शाहूनही कमी. तेव्हा कुणी दहा हजारांत ‘काश्मिरी’ देत असेल तर विश्वास ठेवू नका. श्रीलंकेचा किंवा मादागास्करचा चांगला रंग, काश्मीरच्या काळपट तुकड्यापेक्षा मी केव्हाही घेईन.

2021 ची श्रीलंकेतल्या रत्नपूरची बातमी अजून फॉरवर्ड होतेय, विहीर खणताना 510 किलोचा नीलम सापडला. पंचवीस लाख कॅरेट. पण तो स्फटिकांचा गठ्ठा होता. त्यातून पैलू पाडण्याजोगं किती निघतं, यावर किंमत. गठ्ठ्याचं वजन गुणिले अंगठीतल्या खड्याचा दर, असा हिशोब करू नका.

शनीसाठी किती रत्तीचा, कुठल्या बोटात, हे मला विचारू नका. तो माझा विषय नाही आणि त्यावर तुमची श्रद्धा असेल तर मी मध्ये पडणार नाही. एवढंच म्हणेन, ज्यांनी खडा सुचवला त्यांनीच दुकानही सुचवलं असेल तर लॅब तुम्ही स्वतः निवडा. मुंबईत जीआयए आणि आयजीआयच्या लॅब आहेत, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी आहे, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी. खडा अंगठीत बसवण्याआधी न्या. कोंदणात बसल्यावर वजन नीट घेता येत नाही आणि मागून बंद कोंदण असेल तर तळ दिसतच नाही. रिपोर्टवरचं वजन दोन दशांशांपर्यंत काट्यावर जुळवा, मिलिमीटरमधली मापं जुळवा, रिपोर्टचा नंबर लॅबच्या साइटवर टाकून बघा.

आणि बिल. नुसतं ‘नीलम 1 नग’ असं बिल घेऊ नका. कॅरेटमधलं वजन, रिपोर्ट नंबर, आणि ‘बिनगरम’ म्हणून विकला असेल तर तो शब्द बिलावर लिहून घ्या. तोंडाने बिनगरम म्हणणाऱ्याचा हात लिहिताना थांबला, तर खडा काउंटरवर ठेवून बाहेर पडा. पुष्कराजाच्या बेरिलियमबद्दल सविस्तर पुढच्या व्हिडिओत बोलते, त्यासाठी दोन खडे लॅबला गेलेत.