बोक्याची लघवी अडते तेव्हा

[दृश्य: रात्रीचं घर. बाल्कनीच्या दाराशी लिटर ट्रे. त्यात बसलेला बोका.]

रात्रीचे साडेअकरा. गुंड्या पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसलाय. तासाभरातली ही पाचवी खेप. माती उकरतो, पाठ ताणतो, कुंथतो आणि तसाच उठतो. मातीवर एक थेंब नाही. मग कोपऱ्यात जातो, मागचा पाय वर करतो आणि तीच जागा चाटत राहतो.

अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतंच, "पोट साफ झालं नसेल. चमचाभर एरंडेल द्या, सकाळी बघू."

माझ्या आधीच्या बोक्याच्या वेळी आम्हीही सकाळची वाट पाहिली. तो पलंगाखाली सापडला, अंग गार पडलेलं. श्वास चालू होता. दवाखान्याच्या पायरीपर्यंत तोही थांबला.

[दृश्य: बोका आणि भाटी यांच्या मूत्रमार्गाचं साधं रेखाचित्र.]

भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद. बोक्याचा लांब, आणि टोकाशी अगदी अरुंद. तिथे बारीक खडा किंवा चिकट स्राव आणि स्फटिकांचा बूच अडकला की वाट बंद. लघवी तुंबते, मूत्राशय फुगतं, मूत्रपिंडांचं काम थांबतं. शरीराबाहेर जायचं पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. उलटी, सुस्ती, खाणं सोडणं ही पुढची पायरी. तिथपर्यंत थांबायचं नाही. बोका कुंथतोय आणि लघवी होत नाही एवढं दिसलं की त्याच रात्री निघायचं.

पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजराचं शरीर ती पचवू शकत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते.

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल. पुढच्या पायाला सलाईन.]

गुंड्याला भूल देऊन नळी घातली. नळीतून आधी लालसर, मग गढूळ लघवी पिशवीत उतरू लागली, तेव्हा कुठे माझे हात सैल झाले. पुढचे तीन दिवस तो तिथेच होता. नळी काढल्यावर पहिले काही दिवस पुन्हा अडण्याची भीती असते, म्हणून घरी आणायची घाई बरी नव्हे. ज्यांची लघवी वारंवार अडते, त्यांच्यासाठी मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रियाही आहे.

"मुतखडा होता का?" सगळे हेच विचारतात. पुष्कळदा खडाही नसतो आणि जंतूही नसतात. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग कमीच, त्यामुळे लघवी तपासण्याआधी अँटिबायोटिक सुरू करण्यात अर्थ नाही. मूत्राशयाला सूज येते, आणि तिचं नातं अनेकदा मनावरच्या ताणाशी असतं. नवं मांजर, घराची रंगरंगोटी, दिवाळीचे फटाके. आमच्याकडे त्या आठवड्यात सोफा बदलला होता. माणसाला हे क्षुल्लक वाटतं. मांजराचा मात्र ओळखीचा वास गेलेला असतो.

खडे असतील तर त्यांचा प्रकार कळायला हवा. स्ट्रुव्हाइटचे खडे डॉक्टरांनी दिलेल्या आहाराने विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. शेजारच्यांच्या मांजराला चाललेलं पाकीट आपल्याकडे चालेलच असं नाही.

[दृश्य: रुंद वाडगा. पाणी पिणारा गुंड्या.]

मांजराचे पूर्वज वाळवंटातले. मिळालेल्या शिकारीतूनच पाणी घ्यायचं, अशी त्यांची सवय. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्या खाद्यात 75 टक्क्यांच्या पुढे. म्हणून आता गुंड्याला ओलं खाणं, वर मीठ-कांदा न घातलेलं चिकन उकडल्याचं पाणी. पाण्याचे तीन वाडगे, ट्रेपासून आणि ताटलीपासून लांब. ट्रे घरातल्या मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे आमच्याकडे दोन.

[दृश्य: सकाळचं ऊन. चाळणी मातीतून फिरते.]

रोज सकाळी मी माती चाळते. लघवी पडली की तिचा गोळा होतो. लहान लहान पुष्कळ गोळे दिसले, की माझं लक्ष दिवसभर त्याच्यावर. गुंड्याच्या पुढच्या पायावर सलाईनसाठी भादरलेली जागा अजून आहे, मऊ केस नुकते उगवताहेत.

आज तीन गोळे. तिन्ही लिंबाएवढे.