खरं, पण कुठे?

(पडद्यावर: कुदळीने उकरलेली माती. तिच्यातून हळूहळू वर येणारी एक प्लॅस्टिकची पिशवी. कुणीतरी ती झटकतं.)

अशीच एक पिशवी तीन वर्षं मातीखाली होती. ती 'विघटनशील' म्हणून, म्हणजे आपोआप कुजून जाणारी म्हणून, विकली गेली होती. वस्तूंवरचे असे हिरवे दावे नेमके कुठे खरे ठरतात, ते बघू.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच प्रकारच्या पिशव्या घेतल्या. काही मातीत पुरल्या, काही समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, काही उघड्या हवेत टांगल्या. निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०१९ साली. हवेत टांगलेल्या सगळ्याच पिशव्यांचे नऊ महिन्यांत तुकडे झाले होते, अगदी साध्या प्लॅस्टिकच्यासुद्धा. माती आणि पाण्यातली गोष्ट वेगळी. तिथली 'विघटनशील' पिशवी तीन वर्षांनंतरही इतकी धडधाकट होती, की सामान भरून उचलता आली. 'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होणारी, पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. मातीत मात्र २७ महिन्यांनीही ती होती, फक्त वजन पेलत नव्हती.

मग पिशवीवरचं ते लिखाण खोटं का?

(पडद्यावर: वाफाळणारा कंपोस्टचा मोठा ढीग. त्यात खोचलेला तापमापक.)

'कंपोस्टेबल' या शब्दामागे एक चाचणी असते. युरोपात तिचं मानक आहे ईएन १३४३२. औद्योगिक कंपोस्ट केंद्रात साधारण ५८ अंश उष्णता असते, ओलावा आणि हवा मोजून दिलेली असते. बारा आठवड्यांनी सगळं दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर मूळ वस्तूचा दहा टक्क्यांहून जास्त भाग उरला, तर ती नापास. या परीक्षेत उत्तीर्ण झालेली वस्तू खरोखरच उत्तीर्ण असते. फक्त ती परीक्षा तुमच्या कुंडीत, गटारात किंवा नदीकाठी झालेली नसते.

मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा मेला, हे युधिष्ठिर मोठ्याने म्हणाला. माणूस की हत्ती, हे तोंडातल्या तोंडात. पाकिटावर 'नर' समोरच्या बाजूला असतो, हिरव्या रंगात, पानाच्या चित्रासकट. हत्ती मागच्या बाजूला असतो, राखाडी अक्षरांत, बारकोडच्या शेजारी.

(पडद्यावर: शाम्पूची बाटली. कॅमेरा तिच्याभोवती सावकाश फिरतो.)

ही बाटली बघा. समोर लिहिलंय: '१०० टक्के पुनर्वापरित प्लॅस्टिकपासून'. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. आता त्या चांदणीची जोडीदार शोधायची. बाटली फिरवा. घटकद्रव्यं, वापरायची पद्धत, 'डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा', आणि त्याखाली ती सापडते: 'झाकण, पंप व लेबल वगळून'. पंपात धातूची स्प्रिंग असते आणि दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक. म्हणजे पुनर्प्रक्रियेला सगळ्यात नडणारा भागच वगळलेला. विधान अक्षरशः खरं आहे. मला या चांदणीचा राग येत नाही, उलट ती दिसली की बरं वाटतं. निदान अट छापली तरी आहे. चांदणीच नसलेली बाटली जास्त संशयास्पद.

बाटलीच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा दिसतो, तो अनेकांना 'रीसायकल होतं' असा वाटतो. तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ती पद्धत आणली. गैरसमज इतका पसरला, की २०१३ मध्ये मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणावा लागला. बाण अजून सगळीकडे आहेत.

वस्तू किंवा कंपनी असते त्याहून पर्यावरणपूरक भासवणं, याला ग्रीनवॉशिंग म्हणतात. हा शब्द १९८६ सालचा. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकी पर्यावरणवाद्याने तो वापरला. फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये त्याला टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारं कार्ड दिसलं होतं, प्रवाळ वाचवण्यासाठी. ते रिसॉर्ट त्याच वेळी किनाऱ्यावर नवी बांधकामं करत होतं.

(पडद्यावर: प्रयोगशाळेत रोलरवर धावणारी गाडी. चाकं फिरताहेत, गाडी जागेवर.)

कधी कधी मात्र सरळसरळ खोटं बोललं जातं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या अमेरिकेत 'क्लीन डिझेल' म्हणून विकल्या जात होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं, की गाडीच्या संगणकाला चाचणी ओळखता येत होती. वेग किती, इंजिन किती वेळ चालू, आणि स्टिअरिंग हलतंय की नाही, हे तो बघायचा. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग ढिम्म, म्हणजे आपण प्रयोगशाळेत आहोत! मग धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण जोमाने चालायची. रस्त्यावर आल्यावर ती मंदावायची, आणि काही गाड्यांमधून नायट्रोजन ऑक्साइड्स हे घातक वायू मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत बाहेर पडायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं.

पकडलं कसं, ते महत्त्वाचं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने मोजणीचं यंत्र गाडीतच बसवलं आणि गाडी रस्त्यावर चालवली. एवढंच. पिशवी पुरणाऱ्यांनी केलं तेच यांनी केलं: दावा उचलून तो जिथे खरा ठरायला हवा तिथे नेला.

पण आपण काही गाडीला यंत्र बांधू शकत नाही. आपला भरवसा असतो शिक्क्यावर.

(पडद्यावर: एकामागून एक हिरवे शिक्के. पानं, थेंब, पृथ्वीचे गोल.)

शिक्का कुणी मारला, हा पहिला प्रश्न. बरेचसे शिक्के कंपनीच्याच चित्रकाराने काढलेले असतात, आपणच परीक्षक आणि आपणच पहिला नंबर. पण बाहेरच्या संस्थेचा शिक्का असला, म्हणजे काळजी मिटली असंही नाही. अमेरिकेत सरकारी पाठबळाचं 'एनर्जी स्टार' हे विजेच्या बचतीचं नामांकित चिन्ह. २०१० मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापाल कार्यालयाने गंमत केली. चार बनावट कंपन्या काढल्या आणि वीस काल्पनिक वस्तूंसाठी अर्ज केले. त्यांत एक होतं पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळ, लहान जनरेटरएवढं. दुसरं होतं हवा शुद्ध करणारं यंत्र, त्याच्या फोटोत चक्क हीटरला पिसांचा झाडू चिकटवलेला. दोन्ही मंजूर. वीसपैकी पंधरा वस्तूंना चिन्ह मिळालं, कारण अर्जातले आकडे कुणी तपासतच नव्हतं! पुढच्या वर्षीपासून तिथे त्रयस्थ प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. म्हणून मी त्या चिन्हाला आज जास्त मानतो. ज्या शिक्क्याची कधी परीक्षाच झाली नाही, त्याचं मात्र सांगता येत नाही.

जर्मनीचा 'ब्लू एंजेल' १९७८ पासून आहे, जगातला पहिला सरकारी पर्यावरण शिक्का. त्याच्या जुन्या रूपातली एक गोष्ट मला फार आवडते. वर्तुळाच्या कडेला कारण छापलेलं असायचं. 'पर्यावरण चिन्ह, कारण १०० टक्के रद्दी कागदापासून.' तो एक 'कारण' हा शब्द अख्ख्या जंगलाच्या चित्रापेक्षा भारी आहे. वाद घालायचा तर घालायला काहीतरी हातात मिळतं.

(पडद्यावर: वहीचं मागचं पान. झाडाची खूण. बोट एका क्रमांकावर येऊन थांबतं.)

एफएससी ही जंगलं जबाबदारीने राखली जातात की नाही हे प्रमाणित करणारी संस्था. लाकूड-कागदावरच्या तिच्या चिन्हाखाली परवान्याचा क्रमांक असतो. तो संस्थेच्या यादीत घालून बघता येतो: परवाना कुणाच्या नावावर, चालू आहे की रद्द. आणि चिन्हाच्या बाजूचा शब्दही वाचा. 'मिक्स' लिहिलं असेल, तर त्यात सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं असेलच असं नाही.

आता थोडं अडचणीचं. कापडी पिशवी तरी चांगलीच ना? डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडला. तुलना साध्या प्लॅस्टिक पिशवीशी. फक्त हवामानबदल बघितला, तर सेंद्रिय कापसाची पिशवी १४९ वेळा वापरावी लागते. पाणी, माती, ओझोन असे सगळे परिणाम धरले आणि त्यातला सर्वांत वाईट घेतला, तर २०,००० वेळा. पिशवी तीच, प्रश्न बदलला. आणि समुद्रात तरंगणारा कचरा या हिशेबात धरलेलाच नव्हता. त्यामुळे 'कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा वाईट' म्हणून हा आकडा फिरवणारेही हत्ती दडवतातच. घरात आहे ती पिशवी झिजेपर्यंत वापरा, एवढं त्यातून नक्की निघतं. परिषदेत फुकट मिळालेली बारावी पिशवी घेऊ नका.

सगळ्यात निसरडा शब्द 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बनची गोळाबेरीज शून्य. कंपनीचा स्वतःचा धूर तेवढाच असू शकतो. तिने दुसरीकडे कुठेतरी जंगल राखण्याचे किंवा झाडं लावण्याचे पैसे दिलेले असतात आणि वजाबाकी करून शून्य आलेलं असतं. ते जंगल तसंही तुटणार नव्हतं, किंवा पुढे वणव्यात गेलं, तर शून्याचं काय, हे वस्तूवर छापायला जागा नसते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदाच केला: अशा भरपाईच्या जोरावर वस्तूला 'न्यूट्रल' म्हणायचं नाही. नुसतं 'पर्यावरणपूरक' हेही सिद्ध केल्याशिवाय म्हणायचं नाही, आणि कंपन्यांनी स्वतःच काढलेले शिक्के बंद. हे लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६. भारतातही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्येच आली.

(पडद्यावर: टेबलावर एक पांढरट चमचा. मागे लॅपटॉपवर उघडलेली मेल.)

हा माहितीपट करताना या चमच्यावर मी अडकलो. 'निसर्गात परत जाणारा', असं त्याच्या पाकिटावर होतं. मी कंपनीला मेल केली: कुठे, किती दिवसांत? उत्तर आलं, पर्यावरणाबद्दलच्या आपल्या आस्थेबद्दल आभार. खाली एक पान, हिरवं. मी पुन्हा विचारलं, तापमान किती लागतं? या वेळी खरं उत्तर आलं, एका ओळीचं: औद्योगिक कंपोस्ट केंद्रात, सुमारे ५८ अंशांना.

तिसऱ्या मेलमध्ये मी विचारलं, माझ्यापासून सर्वांत जवळचं असं केंद्र कुठे आहे? त्याचं उत्तर अजून यायचंय. चमचा माझ्या खणात आहे.