रिलीव्हर आला नव्हता

नमस्कार श्रोतेहो.

आज १४ जानेवारी. घराघरांत तिळाचा खमंग वास आहे, गच्च्यांवर पतंग आहेत. या गोड दिवसाची आणखी एक ओळख आहे आणि आज मला तिच्याविषयी बोलायचंय.

१५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा यांनी भारतीय सेनेची सूत्रं हाती घेतली. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. तो दिवस आपण सेना दिन म्हणून पाळतो. चार वर्षांनी, १४ जानेवारी १९५३ ला, ते निवृत्त झाले. गेल्या काही वर्षांपासून हा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. मला ही तारीख फार योग्य वाटते. लढाई जिंकल्याचे दिवस आपल्याकडे आहेत, हौतात्म्याचेही आहेत. एक माणूस नोकरी पुरी करून, गणवेश घडी घालून ठेवून घरी निघाला, त्या दिवसाची आठवण ठेवावी असं कुणाला तरी वाटलं, हे मोठं आहे.

कारण साधा जवान घरी परततो तेव्हा म्हातारा झालेला नसतो. पेन्शनीसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत असतात, गावच्या घराचे वासे बदलायचे असतात, धाकट्या भावाचं अजून मार्गी लागलेलं नसतं. आयुष्याची पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला तुमच्या-माझ्यामध्ये काढायची असतात, आणि आपण त्याला ओळखत नाही.

माझ्या मामांचं सांगते. मामा सातारा जिल्ह्यातले. त्या बाजूला अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत. मामांचं गाव त्याच पट्ट्यातलं. शेताला जावं तशी पोरं तिथं भरतीला जातात. मामा १९६७ साली गेले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं आणि ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत दाखल झाले.

ही जंगी पलटण १७६८ साली उभी राहिली ती मुंबईसाठीच. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई बेटाच्या राखणीला शिपाई हवे होते, त्यांतली ही एक तुकडी. पुढे ती कुठे कुठे लढली. १९७१ च्या डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला ती होती, मामाही होते. जमालपूरबद्दल त्यांनी आम्हा भाच्यांना काय सांगितलं असेल? थंडी फार होती आणि दोन दिवस शकरपाळ्यांवर काढले, एवढंच. बाकीचं विचारलं की म्हणायचे, "तुम्ही जेवा आधी."

आजोळी मामांची पत्रं यायची. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नंबर, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ'. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. पलटण कुठे आहे हे कळू नये म्हणून सैन्याच्या टपालाचा पत्ता तसाच असतो. आजीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटायचं, छप्पन एपीओ हे एखादं मोठं शहर असणार. आळीतल्या चार घरांतली पोरं तिथंच होती, म्हणजे एकमेकांना धरून असतील, हा तिचा दिलासा. सैनिकाच्या सेवेत घरच्यांचा वाटा किती असतो ते मला त्या पाकिटावरून कळतं. मामी सासरी एकटीनं दोन मुलं वाढवत होती. मनीऑर्डर आली की माणूस सुखरूप आहे, असा त्या घराचा हिशोब होता.

१९८५ साली मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि काळी लोखंडी ट्रंक घेऊन मुंबईला आले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. लालबागला गावकीच्या खोलीत वीस-बावीस माणसांत त्यांनी आपली वळकटी टाकली. नोकरी मिळाली ती सिक्युरिटीची. माजी सैनिकाला या शहरात पहिली जी नोकरी मिळते ती बहुधा हीच. शेवटची वीस वर्षं ते कलिन्याला एका सोसायटीच्या गेटवर होते.

पहाटे साडेचारला उठायचं. बूट आदल्या रात्री पॉलिश करून ठेवलेले. सातच्या ड्यूटीला पावणेसातला गेटवर. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या घरात आजारी माणूस आहे, कुठल्या घरातली मुलगी रात्रपाळीहून एकटी येते, सगळं ध्यानात. लोक "ए वॉचमन" म्हणून हाक मारायचे. मामा उभे राहून "जी साहेब" म्हणायचे. मला ते तेव्हा खटकायचं, अजूनही खटकतं.

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिना सांताक्रूझला लागूनच. मिठी नदीचं पाणी कुठवर शिरलं होतं ते तिथल्या लोकांना आजही भिंतीवर बोट ठेवून सांगता येतं. मामांची दिवसपाळी होती. दुपारी तीनपर्यंत गेटवर गुडघाभर पाणी, सहाला कमरेच्या वर. त्यांनी गच्चीवरची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडवली, दुहेरी करून गेटच्या खांबापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत ताणून बांधली आणि ते स्वतः मध्ये उभे राहिले. ऑफिसातून चालत आलेली माणसं, शाळेत अडकलेली मुलं, एक गरोदर बाई, जो येईल त्याला दोरीला धरून पलीकडे. तळमजल्यावरच्या दोन आजींना पाठीवर घेऊन वर नेलं. दिवे गेलेले, फोन बंद. आमच्या घरी मामींच्या जिवाची घालमेल.

मामा २८ तारखेला सकाळी घरी आले. पायांची कातडी पांढरी पडून सुटायला आली होती. मामी रडत होती, मी रागावले होते. म्हटलं, "मामा, तुमची ड्यूटी २६ ला संध्याकाळी सातला संपली होती. तुम्ही घरी का नाही आलात?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "रिलीव्हर आला नव्हता."

श्रोतेहो, निष्ठा, शौर्य, शिस्त हे शब्द आपण आजच्या दिवशी पुष्कळ ऐकतो. माझ्यासाठी त्यांचा अर्थ त्या तीन शब्दांत आहे. नेमून दिलेली जागा आहे. ती घ्यायला दुसरा माणूस येईपर्यंत ती माझी आहे. पगार किती, कुणी बघतंय का, हे त्यात येत नाही. सतरा-अठरा वर्षं ही एकच गोष्ट माणसाच्या हाडात मुरवली जाते आणि गणवेश उतरला तरी ती उतरत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला याच मुंबईनं पाहिलाय. तुकाराम ओंबळे. साताऱ्यातल्या केडंबे गावचे. मुंबई पोलीस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते सैन्यात होते, तिथून निवृत्त होऊन १९९१ साली पोलिसात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात एक लाठी होती. समोर एके-४७. त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि पोटात गोळ्या शिरत असतानाही सोडली नाही. त्यामुळे मागच्या सहकाऱ्यांवर गोळ्या चालल्या नाहीत आणि कसाब जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला हे जगासमोर पुराव्यानिशी मांडता आलं. २००९ साली ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. भेळ खायला जाल तेव्हा दोन मिनिटं तिथे थांबा.

गेलेल्यांची आठवण आपण ठेवतो, निदान ठेवायचा प्रयत्न करतो. कोकणात जाताना माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय जेमतेम बावीस. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. मुंबईत राहून ते पाहिलेली माणसं फार थोडी.

पण जे परत आले त्यांचं काय?

मी शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला सांगितलं, आपल्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, वाटेवर कुणी माजी सैनिक आहे का ते शोधून या. माझी अपेक्षा होती, दोन-तीन नावं येतील. दुसऱ्या दिवशी मुलांनी अकरा माणसं आणली. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असणारे काका. रिक्षा चालवणारे एक. नौदलात इंजिनरूममध्ये पंधरा वर्षं काढून आता लिफ्ट दुरुस्त करणारे एक. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचे वॉचमन काका सियाचीनला होते. मी पहिलीपासून त्यांना बघते, मला माहीतच नव्हतं." १९८४ पासून त्या हिमनदीवर आपले जवान बारा महिने आहेत, वीस हजार फुटांच्या आसपास, जिथे श्वास घेणं हेच काम असतं. आणि तो माणूस रोज तिच्या दप्तराचं ओझं लिफ्टपर्यंत नेत होता.

त्या काकांना आम्ही शाळेत बोलावलं. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून आले. मुलांनी विचारलं, भीती वाटायची का? ते म्हणाले, "वाटायची. पण दोरीला बांधलेलो असायचो ना, पुढं एक, मागं एक. मी थांबलो तर तेही थांबणार." मला दोरी म्हटल्यावर कलिन्याचं गेट आठवलं. मी खिडकीकडे वळून उभी राहिले.

तेव्हा आज माझं मागणं आहे. तिळगूळ वाटायला निघाल तेव्हा गेटवरच्या काकांना विचारा, कुठल्या पलटणीत होता? किती साली आलात? त्यांना आवडलं नाही तर ते सांगतील. बहुतेकांना आवडतं. आणि एकदा कळलं की "ए वॉचमन" ही हाक तुमच्या तोंडून निघणार नाही.

ज्यांच्या हातात नोकऱ्या आहेत त्यांनाही सांगायचंय. सिग्नल्समधला माणूस दळणवळण जाणतो, नौदलातला इंजिनं जाणतो, इंजिनीअर रेजिमेंटमधला पूल बांधतो, आर्मी मेडिकल कोअरमधला जखमा बांधतो. सगळ्यांना एकाच गेटवर उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपलंही नुकसान आहे. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यातले फार तर चौथाई पुढे कायम. बाकीचे पंचवीस वर्षांच्या आत-बाहेर घरी येणार. त्यांना आपण काय देणार आहोत, हा प्रश्न उद्यावर टाकण्याजोगा राहिलेला नाही.

आणि एक अगदी बारीकसं काम. दर नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर देता येतो. पण ऐंशीच्या घरातल्या हवालदाराला ओटीपी, ॲप, पासवर्ड हे जमतंच असं नाही. आयुष्यभर कुदळ आणि रायफल धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. त्यांची मुलं परगावी असतात. शेजारच्या कॉलेजातल्या मुलानं अर्धा तास दिला तर कल्याण-बदलापूरच्या म्हाताऱ्या माणसाची एक खेप वाचते, आणि पेन्शन अडकत नाही. वीरपत्नींचंही तसंच. कित्येकींना आपल्याला काय काय लागू आहे हेच ठाऊक नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं त्यासाठीच आहेत, तिथवर सोबत जा.

मामा आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. पाऊस जोराचा आला की अजून उठून दाराशी जातात. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांचा दाखला काढायला बसले. बोटं लागेनात, म्हणून चेहऱ्यावरून काढायचं ठरवलं. मामांनी दाढी केली, टोपी घातली, खुर्चीत ताठ बसले. फोन सांगत होता, डोळ्यांची उघडझाप करा. मामा सावधानमध्ये बसलेले, पापणी हलेना. मी म्हटलं, "मामा, विश्राम." मग त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

पडद्यावर हिरवी खूण आली. मामांनी विचारलं, "लागली का हजेरी?"

मी म्हटलं, "लागली, मामा."