रकाना भरला, फोटो सापडेना

(नागपुरात ग्रंथपाल आणि छायाचित्रकारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

तान्ह्या पोळ्याला सकाळी इतवारीच्या गर्दीत उभं राहिलेलं माणूस इथे शोधायची गरज नाही, सगळेच असाल. काळी मारबत, पिवळी मारबत हे मोठे पुतळे, मागे बडगे म्हणजे त्या वर्षीच्या रागाच्या विषयांवरचे पुतळे, आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हा गजर. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक. मारबती दरवर्षी त्याच, बडगे मात्र नवे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, शेतकऱ्यांच्या कर्जाचा. मिरवून झाले की जाळून टाकतात. म्हणजे त्या वर्षी नागपूरकर कशावर चिडला होता, ते बघायला पुढे फोटोच उरतात. मला हे धन वाटतं.

असे फोटो नोंदवायचं काम मी एका संग्रहात केलं. सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक, छायाचित्रकार, तारीख, ठिकाण असे तयार रकाने होते. नोंदींसाठीच्या डब्लिन कोअर मानकाचे मूळ १५ घटक घ्या, नाहीतर वृत्तछायाचित्रांसाठीच्या आयपीटीसी मानकाचे रकाने घ्या, 'बडग्याचा विषय' त्यात कुठून असणार? तो आम्ही स्वतः जोडला. 'मोहल्ला' आणि 'कारागीर' हेही जोडले. मग प्रिंट घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसायचं. महालातल्या एका आजोबांनी भिंग लावून बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचून दाखवली, तो कुणी बांधला तेही सांगितलं. तीनदा चहा झाला. उठताना म्हणाले, "लिहून ठेव बाबा, माझ्यामागे कोण सांगंल?" त्यांचा शब्दन्‌शब्द मी रकान्यात भरला.

काही महिन्यांनी एक विद्यार्थिनी आली. तिला शेतकऱ्यांवरचे बडगे हवे होते. शोधपट्टीत शब्द टाकला. निकाल शून्य. 'आमच्याकडे नाहीत' असं सांगून मी तिला परत पाठवलं. आणि त्या रात्री आठवलं, आजोबांनी वाचलेली पाटी तीच तर होती.

सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांना फोन केला. "सर, फील्ड दिसतंय ना स्क्रीनवर?" दिसत होतं! पण शोधताना यंत्र नोंदी उघडून वाचत बसत नाही. ग्रंथपालांना हे वेगळं सांगायला नको: पुस्तकाच्या शेवटी सूची असते, शब्द आणि पुढे पानांचे आकडे. यंत्र तेवढी सूची बघतं, आणि आमचे जोडलेले रकाने तिच्यात घेतलेच नव्हते. सेटिंगमध्ये एक चौकट होती, तिच्यावर टिक नव्हती. टिक केली, तरी जुन्या नोंदी सापडेनात, कारण सूचीत नव्या नोंदीच जात होत्या. सगळ्या संग्रहाचं रीइंडेक्सिंग, म्हणजे सूची पुन्हा पहिल्यापासून, करावं लागलं. दोन वर्षांचं काम असं एका रिकाम्या चौकटीमागे अडून राहिलं, याचा राग मला अजून येतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

रकान्याचा प्रकार आधी ठरवा. वर्ष आकडा म्हणून ठेवा, तरच '१९९० ते २०००' असं नीट शोधता येईल. मोहल्ला यादीतून निवडायचा. विषय मात्र शब्द सुटे करून सूचीत जाऊ द्या. इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोहल्ल्यासारख्या रकान्याला कीवर्ड म्हणतात, विषयासारख्याला टेक्स्ट. हा प्रकार नंतर जागच्या जागी बदलता येत नाही, नवी सूची करावी लागते.

मग आपली लिपी. 'शेतकऱ्यां'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्याला एकच, यंत्राला दोन शब्द. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचंही तेच. सूची करताना आणि शोधताना दोन्हीकडे हे एकाच रूपात आणायला सांगा. सीताबर्डी, सिताबर्डी आणि नुसतं बर्डी, हे समानार्थी म्हणून नोंदवा. 'शेतकरी' टाकल्यावर 'शेतकऱ्यांच्या' सापडतं का, तेही तपासा.

शेवटचं. रकान्यातला मजकूर फक्त डेटाबेसमध्ये राहिला, तर सॉफ्टवेअर बदलताना मागे राहू शकतो. स्वतःचा नेमस्पेस, म्हणजे आपल्या रकान्यांची वेगळी ओळख, ठरवून तो फोटोच्या एक्सएमपीमध्ये, म्हणजे फाइलमध्येच माहिती ठेवायच्या पद्धतीनं, लिहा. २०१२ पासून ते आयएसओ मानक आहे.

उद्या ऑफिसात गेल्यावर तुम्ही जोडलेल्या रकान्यातला एक शब्द शोधून बघा. आणि एक विनंती. त्या मुलीचा नंबर मी घेतला नव्हता. तुमच्यापैकी कुणाकडे ती आली असेल, तर तिला सांगा, फोटो सापडला आहे.