ऐकायला नाही, गायला या: सेक्रेड हार्पची गोष्ट

कल्पना करा, आत्ता कानावर पडतंय, फा सोल ला, ला सोल फा, आणि यात अजून शब्द आलेलेच नाहीत. नुसती स्वरांची नावं आहेत, आणि तीसुद्धा सगळी खोली मिळून गातेय, म्हातारीकोतारी, पोरंटोरं, कोणी मागे राहत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा आणि जॉर्जियातल्या छोट्या छोट्या चर्चमध्ये हे असंच चालत आलंय, आधी स्वर गायचे आणि मग त्याच चालीवर कडवी. या गाण्याला सेक्रेड हार्प म्हणतात. नावात हार्प आहे पण वाद्य कुठलंच नाही, पियानो नाही, ऑर्गन नाही, सूर द्यायला साधी पट्टीसुद्धा वाजवत नाहीत, एक अनुभवी माणूस मनानेच सूर लावून देतो आणि बाकीचे तो उचलतात.

नाव खरं तर एका पुस्तकाचं आहे. १८४४ साली जॉर्जियातल्या बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग या दोघांनी ते काढलं. किंग बिचारा अगदी तरुण होता, पुस्तक निघालं त्याच वर्षी तो गेला. पुस्तक आडवं, रुंद, वेगवेगळ्या आवाजांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या. आणि पान उघडलं की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे स्वरचिन्हांचे आकार, सगळी नेहमीसारखी गोल नाहीत. फा म्हणजे त्रिकोण, सोल गोल, ला चौकोन आणि मी म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार. आपल्याकडे सा रे ग म प ध नी अशी सात नावं, इथे चारच, सप्तक चढताना फा सोल ला, परत फा सोल ला, मग मी, आणि वरचा फा. एकच नाव दोनदा येतं म्हणजे गोंधळ होईल असं वाटतं ना, पण होत नाही, कारण फा सोल ला मधली अंतरं दोन्ही वेळा तीच असतात.

ही आकारांची युक्ती व्हाइटची नाही. १८०१ मध्ये लिटल आणि स्मिथ या दोघांच्या ‘ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकात ती आधीच आलेली. त्याच्याही मागे जायचं तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या सिंगिंग स्कूल्स, म्हणजे गाणं शिकवणारे वर्ग, अठराव्या शतकातले. त्या वेळी चर्चमध्ये एक जण ओळ म्हणायचा आणि लोक मागून ओढत ओढत गायचे, प्रत्येकाची लय वेगळी, म्हणून मग गावोगाव फिरणारे मास्तर आले, थोडे दिवस मुक्काम टाकायचा, फी घ्यायची, लोकांना नोटेशन वाचायला शिकवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. बॉस्टनचा विल्यम बिलिंग्ज अशातलाच, धंद्याने चामडं कमावणारा, त्याचं १७७० चं पुस्तक म्हणजे एकाच अमेरिकन माणसाच्या रचनांचं पहिलं पुस्तक. हे मला फार मोठं वाटतं. संगीत हे शिकलेल्या, सवड असलेल्या लोकांचंच काम आहे असं या मंडळींनी मानलंच नाही, दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी चार आवाजांत गाता आलं पाहिजे एवढ्यासाठी त्यांनी अख्खी पद्धत उभी केली.

पण बॉस्टन बदललं. लोवेल मेसनसारख्या सुधारकांना युरोपच्या धर्तीचं ‘शास्त्रशुद्ध’ संगीत हवं होतं, त्यांच्या मंडळींना या चाली ओबडधोबड वाटायच्या आणि आकारांची चिन्हं म्हणजे अडाण्यांची सोय. मेसनने शाळांमध्ये संगीत आणलं, ते मोठं काम आहेच, पण शहरांनी त्या नादात हातातलं काय टाकून दिलं ते आज कळतं. टाकलेलं ते सगळं दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेलं, शेतकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये, आणि तिथे त्यात लोकगीतांच्या चाली मिसळल्या.

व्हाइटचा साडू विल्यम वॉकर, साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचा. त्याचं ‘सदर्न हार्मनी’ १८३५ चं, आणि ते इतकं खपलं की तो नावापुढे पुस्तकाची आद्याक्षरं लावायचा, ए. एस. एच., म्हणजे ऑथर ऑफ सदर्न हार्मनी. जगभर माहीत असलेलं ‘अमेझिंग ग्रेस’ या पुस्तकातूनच आलंय, शब्द इंग्लंडच्या जॉन न्यूटनचे, १७७९ मध्ये छापलेले, चाल अमेरिकेतली ‘न्यू ब्रिटन’ नावाची, आणि या दोघांची गाठ छापील पुस्तकात वॉकरने घातली.

आता हे गाणारे बसतात कसे ते बघा, सगळी मजा इथे आहे. चार बाजूंना चार आवाज, टेनर, ट्रेबल म्हणजे सगळ्यात वरचा, आल्टो, आणि बेस म्हणजे सगळ्यात खालचा, सगळ्यांची तोंडं आत, मध्ये रिकामा चौक. प्रेक्षकांसाठी वेगळी जागाच नाही. मूळ चाल टेनरकडे असते, वरच्या आवाजाकडे नाही, त्यामुळे बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला ती पटकन सापडतही नाही. काही गाण्यांना फ्यूगिंग ट्यून म्हणतात, त्यात एक बाजू ओळ सुरू करते, मग दुसरी, मग तिसरी, आणि चौकात उभ्या असलेल्या माणसाभोवती आवाज फिरत राहतो. म्हणून तिथे उभं राहायला मिळणं हा मान, आणि हा मान सगळ्यांना मिळतो. नाव पुकारलं की उठायचं, मध्ये यायचं, पान क्रमांक सांगायचा, गाण्याचं नाव नाही सांगितलं तरी चालतं, आणि हात वर खाली करत लय द्यायची. आठ वर्षांची मुलगी येते, ऐंशीच्या आजी येतात, कोणाचं चुकलं तर टेनरच्या पुढच्या रांगेतली माणसं हात हलवत सांभाळून घेतात. आवाज गोड करायचा नाही, हळू-जोरात असं नटवायचं नाही, मोकळ्या गळ्याने गायचं, आणि संपल्यावर टाळ्या नाहीत, लगेच पुढचं नाव.

दुपारी आवारात लांबच लांब टेबलं मांडलेली असतात, घरोघरून आलेलं चिकन, भाज्या, ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ, केक, गावाबाहेरून आलेल्याला कोणी उपाशी ठेवत नाही. आणि बहुतेक मोठ्या सिंगिंगमध्ये, म्हणजे अशा गाण्याच्या मेळाव्यांत, एक वेळ राखून ठेवलेली असते, मेमोरियल लेसन. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात, जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेत त्यांचीही, आणि मग त्यांच्यासाठी गायचं. या गाण्यांमध्ये मरण पानोपानी आहे, आडपडदा नाही, कारण ज्यांनी ती लिहिली त्यांच्या घरात मुलं दगावायची, साथी यायच्या. म्हणूनच आज घरचं माणूस गमावलेला कोणी तिथे बसला तर त्याला कसनुसं सांत्वन ऐकावं लागत नाही, त्याच्याबरोबर सगळे मोठ्याने तेच गातात.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. १८४४ चा जॉर्जिया म्हणजे गुलामगिरीचा जॉर्जिया, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं गोऱ्यांची सिंगिंग वेगळी, काळ्यांची वेगळी. आग्नेय अलाबामात काळ्या गायकांनी स्वतःच्या कन्व्हेन्शन्स, म्हणजे गाण्याच्या मोठ्या सभा, चालवल्या, आणि ओझार्क गावच्या जज जॅक्सन यांनी १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, ‘कलर्ड सेक्रेड हार्प’ हे पुस्तक काढलं, काळ्या रचनाकारांच्या गाण्यांचं. जज हे त्यांचं नावच, हुद्दा नाही, ते शेतकरी होते. पुढे त्याच भागातल्या ड्यूई विल्यम्स यांना १९८३ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. सेक्रेड हार्प म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त गोरे चेहरे येतात, ते अर्धंच चित्र आहे.

१९५९ मध्ये लोकसंगीत गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स अलाबामातल्या फाइफ गावी रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन आला आणि तिथलं कन्व्हेन्शन टेप झालं. त्या रेकॉर्ड्स ऐकून शहरातली मंडळी दक्षिणेत यायला लागली, गाणं शिकून परत गेली, आता इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, पोलंडमध्येही चौक मांडले जातात. त्यात देव न मानणारेही आहेत, ज्यू आहेत, आणि जुन्या घराण्यांतल्या लोकांसाठी ही अजूनही उपासनाच आहे. पण गाताना कोणी कोणाला श्रद्धा विचारत नाही. पुस्तकही थांबलेलं नाही, १९९१ नंतर २०२५ मध्ये नवी आवृत्ती निघाली, जिवंत रचनाकारांच्या गाण्यांसकट.

तर तुम्ही अमेरिकेत किंवा युरोपात असाल आणि जवळपास सिंगिंग असेल तर सरळ जा, तिकीट नसतं, ऑडिशन नसते, पुस्तक तिथे वापरायला मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने टेनरमध्ये बसावं, चाल तिकडेच असते, आणि शेजारच्याला आधीच सांगून ठेवावं की नवीन आहे, तो बोट ठेवून ओळ दाखवतो.